दाईनं ठेवलेलं नाव

"कोनाले हाक मारून राहिला गा?"

रस्त्यानं जाताना कुणी तिला तिच्या नावानं हाक मारली की ती थांबायची, मागं वळायची आणि आपल्या पाठीशी दुसरीच कोणी बाई उभी आहे की काय, असं निरखून पाहायची. मागं कोणी नसायचंच. मग हाक मारणाऱ्याकडे तोंड करून हा प्रश्न. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "तुलेच वो, दाई." "मंग दाई म्हन ना बापा," म्हणून ती पुढं चालू लागायची. इतक्या वर्षांत तिनं त्या नावाला ओ दिलेली मी तरी ऐकली नाही.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्ही कितीही विचारा. जे तिनं जन्मभर अंगाला लावून घेतलं नाही, ते मी तिच्यामागं तिच्या माथी मारू? हट्! एवढंच सांगते, की घर झाडल्यावर जे सुपलीत भरून बाहेर टाकतात, त्याचं ते नाव होतं.

तिच्या आईबापांनी ते काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. आमच्या आमगावकडच्या खेड्यांत तेव्हा ही चालच होती. ज्या घरची लेकरं जगत नसत, त्या घरी नवं लेकरू झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं उचलायचं, आणि आईनं सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. नाव असं ठेवायचं की लेकरं नेणाऱ्याला वाटावं, ही काही उचलून न्यावी अशी चीज नाही. दाईच्या पाठची, पुढची सगळी भावंडं गेली होती. ती एकटी राहिली. म्हणजे ज्यांचा त्या चालीवर विश्वास, त्यांना जिवंत पुरावा रोज रस्त्यानं चालताना दिसायचा.

ज्यांच्यावर अशी पाळी आली नाही, त्यांची नावं वारावरून. मंगरू, बुधा, सुकरू, इतवारी. मी लग्न होऊन गावात आले तेव्हा पहिल्याच दिवशी विहिरीवर सगळा आठवडा गोळा झालेला पाहून मला हसू आवरेना. मी गोंदियाची. माझ्या वडिलांचं टेशनाजवळ किराण्याचं दुकान होतं, चौथीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणी समजत असे. सासूबाईंनी ते शहाणपण आठवडाभरात भाताच्या पेजेबरोबर पातळ केलं, ती गोष्ट वेगळी.

दाईला मात्र माझ्या गोंदियाचं भारी कौतुक. उंच, हाडापेरानं दणकट बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हाताला कायम टोरीच्या तेलाचा वास. टोरी म्हणजे मोहाची बी. त्या तेलानं तिनं अर्ध्या गावाची अंगं चोळलेली. ती दुपारची आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "सांग वो सूनबाई, तुमच्या गोंदियात पोरीइची नावं कसी कसी ठेवतेत?"

मी सांगायची. टेशनावरच्या बंगाली बाबूच्या मुलीचं नाव शेफाली. मास्तरांच्या मुलीचं उषा. मारवाड्याच्या घरची कंचन. ती एकेक नाव तोंडात घोळवायची, डोळे मिटून, नव्या आंब्याचं लोणचं चाखावं तशी.

"उषा... हलकं हाये. पोट नाई भरत."

"अन् शेफाली?"

"गोड हाये. पन पावन्याघरचं वाटते." मग मान हलवून म्हणायची, "नाव कसं पायजे? घेतलं का तोंड भरलं पायजे."

बारशाच्या घरी ती पाळण्यापाशी उभी राहून हमखास एखादं नाव सुचवायची. सकाळ ठेवा, पालवी ठेवा, साखर ठेवा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा कुणीतरी टोचून विचारलं, "लोकाच्या पोराइले इतली नावं वाटतेस, तुह्यं स्वतःचं कोनतं असतं तं आवडलं असतं?" ती एरवी कुणाला बोलण्यात हार जायची नाही. त्या दिवशी नुसती म्हणाली, "हाये एक," आणि पाणी गरम करायला निघून गेली.

आता माझं सांगते. माझा पहिला मुलगा बारशाआधी गेला. दुसरी मुलगी दात येण्याच्या सुमाराला तापानं गेली. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. ज्या बायांवर हे आलं आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून काय उपयोग? तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी माझ्याशी भांडण करणंसुद्धा सोडून दिलं. यावरून काय ते समजा.

त्यांनी तयारी चोख ठेवली होती. नवं सूप आणलं, शेजारच्या बाईला सांगून ठेवलं, कोंडा बाजूला काढला. आमच्या गावात असा समज, की नाळ कापायच्या आधी लेकराच्या कानावर जे नाव पहिल्यांदा पडतं तेच सटवाई लक्षात ठेवते. मागाहून पाळण्यात घालून तुम्ही राजाराणीचं नाव ठेवा, तिला त्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून वाईट नाव घ्यायचं तर तेव्हाच, आणि ते घ्यायचं दाईनं.

भर दुपार होती. खळ्यावर धान आलं होतं, मळणीचे बैल फिरल्याचा आवाज खोलीत येत होता. पोरगी झाली. रडली. दाईनं तिला हातावर घेतलं. सासूबाई सूप घेऊन दाराशीच उभ्या होत्या.

"घे नाव, दाई. कापाच्या आंधी घे."

"कोनतं घेऊ?"

"कोनतं म्हंजे? तुह्यंच घे. लाभाचं नाव हाये. तुह्या घरचे सारे गेले, तूच तं जगली."

 मी पडल्या पडल्या दाईचं तोंड पाहत होते. तिला राग आला असता तर मला समजलं असतं. पण ती रागावली नाही. तिनं पोरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "जगली, हे खरं हाये. पन कसी जगली, ते इचारलं काय कोनी? साऱ्या गावानं जलमभर मले झाडूनच टाकलं ना वो."

"ते राहू दे आता. नाव घे!"

दाई वाकली. पोरीच्या कानाशी पुटपुटली नाही, तर ओसरीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांच्या हातातली चिलीम हलावी एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "चिन्नोर!"

आणि कापली नाळ.

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "अवो माय वो! हे काय केलंस? हे काय नाव होय? हा तं तांदूर होय!"

"हो. चांगला तांदूर होय."

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ, बारीक दाण्याचा. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, धानाच्या खास बांध्यांत लावायचा आणि त्याच्याच ताटात जायचा. एका घरी शिजला तर साऱ्या गल्लीला समजतं. कुळांच्या घरी आम्ही जाडं धान खात होतो. आणि ही बाई उकिरड्यावर ठेवायच्या पोरीला गावातल्या सगळ्यात उंची चीजेचं नाव देऊन मोकळी झाली होती. नजर लागू नये म्हणून तोंडाला काजळ फासायचं, तर हिनं दिवाच लावला.

"आता सटवाईनं आयकलं," सासूबाई रडत म्हणाल्या. "पोरगी गेली म्हंजे?"

"कुठं जाते? राहाले आली ते." हे तिचं नेहमीचं बोलणं. बाळंतिणीची वार पडायला वेळ लागला तरी "कुठं जाते?", पाऊस लांबला तरी "कुठं जातो?" मग तिनं पोरगी पुसून माझ्या कुशीत दिली आणि सासूबाईंकडे वळली. "गेली तं माह्यावर. गावानं मले बाळंतपनाले बलावू नये. मले पानी देऊ नये. झालं?"

खरं सांगू? मला त्या वेळी तिचा भयंकर संताप आला. नावाचं मला काय पडलं होतं? धोंडी म्हणा, दगडी म्हणा, पण माझी पोरगी माझ्यापाशी राहू द्या, एवढंच मागणं होतं माझं. मी तोंड फिरवून झोपले. दाईनं माझ्या पायांवरून हात फिरवला आणि निघून गेली.

गावानं तिचा शब्द आधीच खरा केला. पोटुशी बायका शेजारच्या गावची दाई बोलावू लागल्या. चिन्नोरचं काय होतं ते पाहू, मग ठरवू, असं विहिरीवर उघड बोलणं चाले. म्हणजे माझी पोरगी तान्ही आणि तिच्या जिवावर एका बाईची भाकरी टांगलेली. दाईला याचं काही वाटत नसावं असं तिच्या चालण्यावरून दिसे. ती रोज यायची, पोरीला तेल लावायची आणि अंगणात बसून मोठमोठ्यानं नाव घ्यायची. "चिन्नोर! हात दे. चिन्नोर! पाय लंबा कर." सासूबाई कानावर हात ठेवून आत जायच्या. त्या पोरीला नुसतं "ए पोरी" म्हणत. आवडत्या वस्तूला झाकून ठेवावं, तसं त्यांचं चाललं होतं.

मग दात यायला लागले आणि ताप आला. अगदी तिच्या बहिणीला आला होता तसाच. पोरगी दूध घेईना, डोळे उघडेना.  माझे मालक शेतावरून येऊन दारात उभे राहायचे आणि परत जायचे. 

दाई मालगुजाराच्या वाड्यावर गेली. तिथल्या बायकांची बाळंतपणं तिनंच केलेली, तेवढा हक्क होता. पदरात मूठभर चिन्नोर घेऊन आली, आमच्याच चुलीवर त्याची पेज केली. घरभर वास सुटला. कापूस भिजवून ती पोरीच्या ओठांवर थेंब थेंब सोडत बसली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि प्रत्येक थेंबाला नाव.

मालगुजाराच्या दिवाणजीला हे समजलं. तो ओसरीवर येऊन म्हणाला, "मालिक की थाली का नाम कुळाच्या पोरीला? ये अच्छा नहीं लगता, दाई."

दाईनं मानसुद्धा वर केली नाही. "थाली में तुम खाते, दिवाणजी. बांधी में हम लगाते. नाव कोनाचं म्हनाचं मंग?" दिवाणजी उपरणं झटकून गेला. सासूबाई आतून हे ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी दाईपुढं पाण्याचा लोटा ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

ताप उतरला. पेजेनं, तेलानं, देवानं की नावानं, ते मला विचारू नका. त्या पेजेवर मी तरी आजही विश्वास ठेवते.

पोरगी रांगायला लागली आणि एका दुपारी सगळ्यांचा डोळा चुकवून अंगणातल्या विहिरीकडे निघाली. सासूबाईंनी ओसरीवरून पाहिलं. "ए पोरी" म्हणायला वेळ नव्हता. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "चिन्नोर! अवो चिन्नोर!" पोरगी जागच्या जागी बसली, मागं वळली आणि हसली. आपलं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. सासूबाईंनी तिला उचलून इतके मुके घेतले, की ती रडायलाच लागली. पायरीवर बसलेली दाई म्हणाली, "भरलं ना तोंड?"

त्यानंतर काय विचारता! बायका दाईच्या झोपडीशी नाव मागायला येऊ लागल्या. एका घरी पालवी झाली, एका घरी सकाळ. सुकरूच्या बायकोला दुसऱ्या एका तांदळाचं नाव हवं होतं, लुचई. तेव्हा दाई फणकारली, "तांदूर एकच राहू दे गावात. तुले दुसरं देतो." मोठ्या माणसांना आठवड्याचे वार आणि लहानांना ही असली नावं, असं आमचं गाव झालं. आमगावच्या बाजारात लोक विचारायचे, "ही नव्या जमान्याची नावं तुमच्या गावात कोन आनून राहिलं?" आणि आमचे लोक छाती काढून सांगायचे, "आमची दाई."

चिन्नोर मोठी झाली. रंगानं सावळी, आवाजानं दाईवर गेलेली, म्हणजे खळ्यावर हाक मारली तर तळ्यापर्यंत जायची. लढाईच्या दिवसांत, जेव्हा रेलगाड्या शिपायांनी भरून जात, तेव्हा तिचं लग्न नागऱ्याकडच्या एका घरी ठरलं. माणसं चांगली होती. फक्त सासऱ्यानं एक गोष्ट काढली. "नाव मात्र आमी बदलू. लक्ष्मी ठेवू. हे तांदराचं काय नाव होय?"

लग्नात नाव बदलायची रीत होतीच, आम्ही काय बोलणार? पोरगी दोन दिवस जेवली नाही. मग मला घेऊन दाईकडे गेली. दाई तेव्हा खाटेला लागलेली. छातीत कफ दाटलेला, हात काटकीसारखे झालेले, पण वास तोच टोरीच्या तेलाचा. चिन्नोरनं तिला सगळं सांगितलं आणि खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडायला लागली.

दाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "त्याइले नको असंल तं मले वापस आनून दे वो. माह्यंच हाये ते."

मला वाटलं, तापात बोलते आहे. मी विचारलं, "तुह्यं कसं, दाई?"

तिनं सांगितलं ते असं. ती लहान असताना तिची आई मालगुजाराच्या वाड्यावर धान कांडायला जायची. ही मुसळाशी बसलेली असायची. एक दिवस आत भात शिजला आणि त्याचा वास अंगणात आला. तिनं आईला विचारलं, हे काय? आई म्हणाली, चिन्नोर. त्याच वेळी आतल्या कुणीतरी हिला तिच्या नावानं हाक मारून उष्टं उचलायला बोलावलं. ही उठली नाही. मनातल्या मनात तिनं ठरवलं, की मी ती नाहीच, मी चिन्नोर.

"कोनाले सांगतलं नाई," ती म्हणाली. "हसले असते. रानात एकटी असली का सोताच सोताले हाक माराची. अन् सोताच ओ द्याची."

"अन् मंग माह्या पोरीले देऊन टाकलंस? कायले वो?"

ती माझ्याकडे असं पाहायला लागली, जणू मी भलतंच खुळ्यासारखं विचारलं. "तुह्या सासूनं नाव मांगतलं. नाळ हातात. माह्यापासी एकच चांगलं होतं. घाईत दुसरं कुठून आनू?"

मला रडू आवरेना. चिन्नोर मात्र रडायची थांबली. डोळे पुसून उभी राहिली, घरी आली आणि आजोबांपुढं जाऊन म्हणाली, "नागऱ्याले निरोप धाडा. नाव बदलाचं असंल तं पोरगीबी बदलून घ्या." माय वो, घरात काय गोंधळ झाला म्हणता! त्या रात्री दाईनं सांगितलेलं सगळं मी सासूबाईंना सांगितलं. पण चौथ्या दिवशी निरोप आला, तो खुद्द नवरदेवाचा. त्याला तेच नाव आवडलं होतं. बापाला त्यानं कसं समजावलं, देव जाणे. लग्न झालं, आणि लग्नात नाव तेच राहिलं. दाईला उचलून मांडवात आणलं होतं. मंगलाष्टकांत आमच्या पोरीचं नाव आलं की तिचे ओठ हलत.

दाई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. तिला ना मूल ना बाळ. पाणी द्यायला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा चिन्नोर नागऱ्याहून आली आणि म्हणाली, मी. पोरीबाळींनी पाणी देऊ नये वगैरे थोडी कुरकुर झाली. सासूबाई आता काठी टेकत चालायच्या, त्यांनी ती काठी जमिनीवर आपटली आणि कुरकुर बंद झाली.

दहाव्या दिवशी आम्ही सगळे तळ्यावर गेलो. ज्या लेकरांना तिनं जगात आणलं होतं, ती सगळी मोठी झालेली लेकरं काठावर उभी होती. पालवी होती, सकाळ होती. विधी करणारा म्हातारा परगावचा. त्यानं चिन्नोरच्या ओंजळीत तीळ आणि पाणी दिलं आणि विचारलं, "नाव सांग, माय."

"चिन्नोर."

"तुह्यं नाई वो. मयताचं."

"तेच सांगून राहिली. चिन्नोर."

म्हातारा गोंधळून आमच्याकडे पाहू लागला. गावातल्या एकदोघांच्या ओठांवर ते दुसरं नाव आलं असावं. पण त्याआधी सासूबाई काठी टेकत पुढं गेल्या.

"घे गा, तेच घे," त्या म्हणाल्या. "लहानपनापासून तेच नाव होतं तिचं."

म्हाताऱ्यानं तळ्याकडे तोंड केलं आणि मोठ्यानं हाक घातली. "चिन्नोर!" पाणी सोडलं. पुन्हा हाक. "चिन्नोर!" 

तिसरी हाक झाली, आणि ओंजळ रिकामी करता करता माझ्या पोरीनं मोठ्यानं ओ दिली.